एकच दार

१८ जून २०२४, पुणे
नेट देऊन आलो. सहावी खेप. तीन तास, दीडशे प्रश्न, आणि यंदा संगणकाऐवजी पुन्हा पेनाने गोळे रंगवायचे. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोळा कोरा ठेवला नाही. मराठीचा पेपर सोपा वाटला. सोपा वाटला की पोटात गोळा येतो, कटऑफ वर जाणार. प्राध्यापकीची नुसती पात्रता मला नकोय, ती दोन वर्षांपूर्वीच मिळाली, हवीय जेआरएफ, संशोधनाची फेलोशिप. खुल्या गटाला त्यासाठी तिशीची अट. ऑगस्टात मला तीस पुरी होतात.

२० जून
काल रात्री उशिरा परीक्षाच रद्द झाली. नऊ लाखांवर मुलांनी दिलेली. सकाळी टपरीवर कळलं, हातातला चहा तसाच राहिला. आईचा फोन : "मग आता पास की नापास?" म्हटलं, "दोन्ही नाही." ती म्हणाली, "बरं, जेवलास का?"

२१ जून
कोपऱ्यावरचा वड दोऱ्याने गुंडाळून गेलाय. रात्री रूम पार्टनरची सीएसआयआर-नेटही पुढे ढकलली. तो रसायनवाला. दोन शिव्या हासडून घोरायला लागला. त्याला जमतं ते, कारण गेटचा स्कोअर आहे आणि सरांच्या प्रकल्पात एक जागा आहे. त्याच्या लॅबमधल्या एकाला तर पंतप्रधान फेलोशिपचे महिना ७० हजार मिळतात.

जेआरएफची रक्कम मात्र दोघांना सारखी : २०२३च्या जानेवारीपासून ३७ हजार, दोन वर्षांनी ४२. कागदावर मराठी आणि रसायन एकाच पंगतीत. फरक पंगतीबाहेर आहे. त्यांच्याकडे प्रयोगशाळा, तिच्यासाठी अनुदान, अनुदानात माणसाचा पगार. माझ्या गाइडकडे एक लोखंडी कपाट. मला शाहिरांची बाडं शोधत गावोगाव हिंडायचंय. किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची मर्जी धरायला चार फेऱ्या लागतात, आणि एसटीचं तिकीट कोणी प्रयोगाचा खर्च म्हणून धरत नाही. वरखर्चाची कंटिन्जन्सी पहिली दोन वर्षं सालाचे १० हजार. त्यांना १२. (रसायनं महाग असतात हे कबूल. पण गावंही लांब असतात.) त्याचं एक दार लागलं तर दुसरं ढकलता येतं, माझ्या विषयाला दार एकच.

२९ जून
नवी तारीख आली : २१ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, संगणकावर. वय १ जूनचंच धरणार, म्हणजे वाचलो. धाकट्या मुलांचं अवघड आहे. यंदापासून पीएचडीच्या प्रवेशालाही नेटचेच गुण, ७० टक्के भार. उरलेले ३० मुलाखतीला. त्यांचे प्रवेशही लटकले.

कॉलेजात शिकवण्याचं माझं सीएचबीचं मानधन तासावर. उन्हाळ्यात तास नाहीत, पैसेही नाहीत. भाड्यासाठी रूम पार्टनरकडून तीन हजार घेतले.

उद्या पालख्या पुण्यात येतायत. मेस बंद. ब्रेड आणि केळी आणून ठेवली.