इफकॉन्फिग गेली

गेल्या महिन्यात भडगावातल्याच एका मुलाचा लॅपटॉप माझ्यापुढे आला. पोरगा इंजिनिअरिंगला आहे. नवं उबुंटू टाकलेलं, आणि केबल लावूनही नेट येत नाही अशी तक्रार. माझ्या बोटांनी मला न विचारताच आठ अक्षरं टाइप केली आणि एंटर दाबलं. उत्तर आलं की अशी कमांड सापडत नाही, हवी असल्यास नेट-टूल्स नावाचं पॅकेज बसवून घ्या. पॅकेज बसवायला नेट हवं आणि नेट का नाही हे बघायला पॅकेज हवं. दोर विहिरीत पडल्यावर पाणी काढायला सांगावं तसं झालं.

पोरगा म्हणाला, "काका, ते जुनं झालं. आता 'आयपी ए' मारायचं."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. लिनक्सच्या जगात इफकॉन्फिग जाऊन बरीच वर्षं झाली. २०१४च्या रेड हॅट ७च्या किमान मांडणीत ती नव्हती, २०१७च्या डेबियन ९मध्ये ती आपोआप येणं थांबलं, उबुंटूनेही पुढच्याच वर्षी १८.०४मध्ये तिला बाहेर ठेवलं. पण दूरच्या नातेवाइकाच्या जाण्याची बातमी ऐकणं वेगळं आणि त्याच्या घरी जाऊन रिकामी खाट बघणं वेगळं. ती खाट मी त्या दिवशी पाहिली.

ज्यांचा हिच्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या मागे केबल खोचायचं जे कार्ड असतं, त्याला पत्ता लागतो. तो द्यायचा, कार्ड चालू-बंद करायचं आणि त्याची तब्येत बघायची, ही तिन्ही कामं ही एक कमांड करायची. इफकॉन्फिग, मग कार्डाचं नाव एथ-झीरो, मग १९२.१६८.०.५ असा पत्ता, नेटमास्क, आणि शेवटी 'अप'. एका ओळीत मशीन गावात राहायला आलं. आणि पुढे काहीच न लिहिता नुसतं नाव घेतलं, तर चालू असलेल्या सगळ्या कार्डांची हकिकत समोर.

जन्म १९८३चा. कपिलदेवच्या संघाने विश्वचषक आणला त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतून ४.२ बीएसडी हे युनिक्स बाहेर पडलं. इंटरनेटची टीसीपी/आयपी भाषा त्यात मुळातूनच बसवलेली होती, आणि कार्डांना पत्ते वाटायला ही कमांड. त्या काळी भडगावहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून बसावं लागे. आपल्याकडे १९८६मध्ये शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याचं काम सुरू झालं, त्यात जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी ही महाराष्ट्रातली दोन घरं होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. आमच्यापर्यंत ते यायला आणखी बराच काळ गेला.

माझी तिची गाठ २००४ सालची. बसस्टँडजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे मी पडेल ते काम करायचो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सहा जुनी मशीनं, विंडोजचे पैसे कुणाकडेच नव्हते. क्लासचे सर जळगाव स्टेशनच्या बुकस्टॉलवरून पीसीक्वेस्ट मासिक आणायचे, त्याबरोबर पीसीक्यूलिनक्सची सीडी यायची. मशीनं एकमेकांना जोडलेली होती ती काळ्या गोल केबलने, टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी. प्रत्येक मशीनमागे टी आकाराचा जोड, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं एक-एक टोपण. ते टोपण कुणाच्या पायाने निघालं की सहाही मशीनं मुकी. झाडू मारणाऱ्या मावशींना आम्ही त्या कोपऱ्याकडे जाऊच द्यायचो नाही.

नाडी बघायला इफकॉन्फिग. पाठवलेली पाकिटं वाढताहेत आणि आलेली वाढत नाहीत, म्हणजे हा बोलतोय, पण उत्तर कुणी देत नाही. कोलिजनचा आकडा भराभर चढतोय, म्हणजे सगळे एकदम बोलताहेत. इंग्रजी धड न येणारी आमची पोरं हे दहा-बारा शब्द वैद्याच्या पुस्तकासारखे वाचायची. एक जण तर कोलिजनला 'भांडण' म्हणायचा. "सर, तीन नंबरवर भांडण वाढी ऱ्हायनं." मला तो शब्द मूळ शब्दापेक्षा बरा वाटतो.

तिचा एक स्वभाव मात्र आम्हाला लोडशेडिंगने शिकवला. इफकॉन्फिगने दिलेला पत्ता मशीनच्या स्मरणात राहतो, डिस्कवर नाही. वीज गेली की पत्ता गेला. त्या वर्षांत खान्देशात वीज दिवसातून किती वेळा जायची हे इथल्या वाचकाला सांगायला नको. वीज आली की सहा मशीनांपुढे जाऊन सहा वेळा तीच ओळ टाइप करायची. पंधरा दिवसांनी सरांनी ती ओळ 'आरसी डॉट लोकल' नावाच्या फाईलमध्ये लिहून ठेवायला शिकवलं, मशीन उठलं की स्वतःच पत्ता घेऊ लागलं. मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला हा धडा परीक्षेपुरता आला असेल, आमच्या अंगात तो मुरला.

आता माझी चूक. मृत्युलेखात दोष काढू नयेत म्हणतात, पण यात निम्मा दोष माझाही आहे. नंतर एका पतसंस्थेच्या शाखेत मी मशीन बसवायला गेलो. शाखेतले पत्ते १०.२०.५पासून सुरू होणारे, मुख्य कार्यालयातले १०.२०.१पासून. मी घाईत पत्ता दिला आणि नेटमास्क लिहायचा राहिला.

नेटमास्क म्हणजे शेताचा बांध. आपली हद्द कुठे संपते ते तो सांगतो. हद्दीतल्या माणसाला नुसती हाक मारायची, हद्दीबाहेरच्याला रस्त्याने निरोप पाठवायचा. मी बांध सांगितला नाही, तर इफकॉन्फिगने जन्मवेळच्या रिवाजाप्रमाणे स्वतःच ठरवला. पहिला आकडा १० आहे, म्हणजे हा अ वर्गाचा जमीनदार, मास्क २५५.०.०.०. दहापासून सुरू होणारं अख्खं शिवार त्या मशीनला आपलंच वाटू लागलं. त्यामुळे शेजारच्या काउंटरशी व्यवस्थित बोलणं, आणि मुख्य कार्यालयाला मात्र ते जागेवर उभं राहून हाका मारत होतं. रस्त्यावर पाऊल ठेवायचं त्याच्या मनातही येत नव्हतं. पिग्मी एजंट पिशव्या घेऊन बाकावर बसलेले, आणि व्यवस्थापक अप्पा दर दहा मिनिटांनी येऊन विचारताहेत, "काय व्हयनं भाऊ?" सकाळी अकराला सुरू झालेलं दुपारी चारला सापडलं. केबल, हब, कार्ड सगळं बदलून झाल्यावर. उत्तर तिच्याच दुसऱ्या ओळीत पहिल्यापासून छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

पत्त्यांचे ते अ-ब-क वर्ग इंटरनेटने १९९३मध्येच मोडीत काढले होते. तिने मात्र ती जुनी वतनदारी सोडली नाही. पुढे पुढे ती अर्धवटही सांगू लागली. एका कार्डाला नव्या पद्धतीने तीन पत्ते दिले तर ही एकच दाखवायची. ३२ बिटांच्या मशीनवर मोजणी चार जीबीला पोचली की पुन्हा शून्यापासून. अलेक्सेइ कुझ्नेत्सोव या रशियन माणसाने १९९९च्या सुमारास आयपीरूट-टू लिहिलं, पोराचं 'आयपी ए' त्यातलंच. ते लिनक्सच्या गाभ्याशी नेटलिंक नावाच्या नव्या वाटेने बोलतं आणि सगळं खरं सांगतं. इफकॉन्फिग जुन्या वाटेनेच जात राहिली. तिला काढलं हे योग्यच झालं. हे लिहिताना मला त्रास होतो, पण खोटं कशाला लिहू?

तिच्या मागोमाग एथ-झीरो हे नावही गेलं. दोन कार्डं असलेलं मशीन पुन्हा चालू केलं की कधीकधी एथ-झीरो आणि एथ-वन आपसात जागा बदलायची, म्हणून २०१३पासून एनपी३एस० अशी नावं आली. कार्ड कुठल्या बसवर, कुठल्या खाचेत, हे नावातच. आधार क्रमांकासारखं. अचूक आहे, हाक मारता येत नाही.

एक खुलासा करायला हवा. माहेरी ती अजून धडधाकट आहे. बर्कलेच्या वंशातल्या फ्रीबीएसडीत आणि ओपनबीएसडीत सगळं जाळं आजही तीच सांभाळते, ॲपलच्या मॅकवर टर्मिनल उघडून नाव घ्या, लगेच ओ देईल. लिनक्सच्या सासरी नांदली ती खरं तर तिच्या नावाची दुसरी होती, नव्याने लिहिलेली. गेली ती ही. आमची ओळख हिच्याशीच होती.

तर पोराने आयपी ए मारलं. एनपी३एस०च्या ओळीत 'नो-कॅरियर' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. केबलच्या टोकाची प्लास्टिकची जीभ तुटली होती. मी कपाटातून क्रिंपिंगचा चिमटा काढला, नवं टोक बसवलं, नेट आलं. त्याच्या लॅपटॉपवर नेट-टूल्स मी बसवलं नाही.