गॅलरीच्या टोकाचा दिवा

गिरगावातल्या चाळीच्या लांबलचक गॅलरीत, टोकाला लोंबणारा पिवळा दिवा हा विद्युतशास्त्राचा एक मूक पाठच असतो. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. ती चालवणारी कंपनी पुढे ‘बेस्ट’ झाली, आणि तिच्याच तारांतून या घरांना २३० व्होल्टचा दाब, म्हणजे प्रवाहाला पुढे ढकलणारा रेटा, मिळत आला. त्या दाबाखाली ६० वॅटच्या दिव्यातून सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह वाहतो. दाबाला प्रवाहाने भागले की रोध, म्हणजे वाहण्याला होणारा अडथळा, सुमारे ८८० ओहम येतो, आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती, म्हणजे दर सेकंदाला खर्ची पडणारी ऊर्जा, मिळते. मात्र विझून थंड झालेल्या दिव्याचा रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो, कारण टंगस्टनची तार तापते तसतसा तिचा अडथळा वाढत जातो. उजळण्यासाठी अडथळा लागावा आणि उजळल्यानेच तो वाढावा, हा विचार मनातून सहजी जात नाही. एकमेकांना अडत, घासत नांदणाऱ्या चाळीची ऊब कोणत्या सूत्राने मोजावी, याचे उत्तर त्या मंद पिवळ्या उजेडात तसेच लोंबत राहते.