लुटूपुटूची लढाई

नांदेडला दसऱ्याच्या दिवशी सचखंड गुरुद्वाऱ्यातून ‘हल्ला’ निघतो. पुढे निशाण, मागे घोडे, निळ्या पोशाखातले निहंग; आणि ठरल्या जागी येताच नंग्या तलवारी उगारून शेकडो माणसे एकदम धावत सुटतात. समोर शत्रू नसतो. तरी कडेला उभ्या असलेल्या माझ्यासारख्या मास्तराच्या पोटात धस्स होते! इतिहास असा अंगावर येऊ लागला, तर खडूफळा हवाच कशाला?

आमच्या उदगीरला तसे काही नाही. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी याच मुलखात निजामाला कोंडले, साठ लाखांचा प्रांत सोडवून घेतला. आज किल्ला तेवढा उभा आहे. म्हणून गेल्या माघात मी मुलांना घेऊन किल्ल्याबाहेर लुटूपुटूची लढाई मांडली. निजाम व्हायला कोणी तयार होईना, चिठ्ठ्या टाकल्या. तोफखान्याचा इब्राहिमखान गारदी मात्र एका पोराने मागून घेतला. हा आधी निजामाच्याच चाकरीत होता, असे मी सांगितले मात्र, पोरगा थबकला.

“मग गुरुजी, मी कुठल्या बाजूला उभा राहू?”

“भाऊंच्या.”

“आणि पुढं काय झालं त्याचं?”

पुढे पानिपत. १४ जानेवारी १७६१. खान अब्दालीच्या हाती सापडला, मारला गेला. पण भाऊंची बाजू त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. मी हे सांगत होतो, तोवर निजामाची फौज बोरे खायला पांगली होती. तो पोरगा एकटाच बांबूच्या तोफेला टेकून ऐकत राहिला.