पाहुणीचं मत

आठवड्यातून तीन दिवस मी इथल्या एका शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला जाते. परवा नववीच्या वर्गाला युरोपीय संघ समजावून देत होते. इंग्लंड त्यातून बाहेर पडलं, तेही लोकांची मतं घेऊन, असं सांगितलं, तर एक मुलगी उभी राहिली. "बाई, तुम्ही तेव्हा तिकडेच होतात ना? मग तुम्ही काय मत दिलंत?" सगळा वर्ग हसला. परक्या देशात बाईंना कोण मत द्यायला बोलावणार! मीही हसले आणि फळ्याकडे वळले.

पण मैत्रिणींनो, मला मत होतं. आणि ते मी दिलंही.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं? तर ऐका. २०१३ साली यांच्या कंपनीनं यांना वॉटफर्डला पाठवलं. लंडनला लागूनच हे गाव आहे. आमचा पासपोर्ट भारताचा, राहायचा परवाना तात्पुरता. पण भारत राष्ट्रकुलात आहे, आणि राष्ट्रकुलातला माणूस तिथे रीतसर राहत असेल तर त्याला मतदारयादीत नाव घालता येतं, ही तिथली जुनी रीत. नगरपालिकेचा फॉर्म घरी आला, यांनी भरून टाकला. लोकशाहीच्या प्रेमानं नव्हे हो! यादीत नाव असलं की बाजारात पत वाढते, मोबाइलचं कनेक्शन चटकन मिळतं, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. २०१४ मध्ये आपल्याकडे लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा मात्र मी मत देऊ शकले नाही, कारण त्यासाठी इथे येऊन रांगेत उभं राहायला हवं होतं. स्वतःच्या घरात मत नाही आणि दुसऱ्याच्या घरात आहे, अशी सगळी तऱ्हा.

त्या दुसऱ्याच्या घरातलं भांडण काय होतं, तेही थोडक्यात सांगते. १९५७ साली रोमला सहा देशांनी मिळून व्यापाराचा करार केला. ब्रिटन त्यात १९७३ मध्ये आलं. दोन वर्षांनी तिथल्या लोकांना विचारलं, राहायचं का? शेकडा ६७ लोक म्हणाले, राहू या. पुढे हे कुटुंब वाढत वाढत २८ देशांचं झालं. माल जकातीवाचून इकडून तिकडे, माणसंही तशीच. फ्रान्सच्या माणसाला इंग्लंडात नोकरी करायला परवाना नको. बदल्यात सगळ्यांनी वर्गणी भरायची आणि सगळ्यांनी मिळून ब्रसेल्सला ठरवलेले नियम पाळायचे. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे जास्त समजावून सांगायला नको. कोठीत भर सगळ्यांनी घालायची, पण आमटीत मीठ किती, हे एकटीच्या मनावर नाही. वेगळी चूल मांडावी की नको, यासाठी २३ जून २०१६ ही तारीख ठरली.

आमच्या ओळीत उजवीकडे एक इंग्रज आजोबा राहत. पंचाहत्तरीचे, एकटे, बागेतल्या गुलाबांवर जीव. माझ्या लेकीला कुंपणावरून रोज एक बिस्किट मिळायचं. १९७५ मध्ये त्यांनी 'राहू या'ला मत दिलं होतं. आता ते निघायच्या बाजूनं होते. मला वाटलं, आमच्यासारख्या बाहेरच्यांचा कंटाळा आला असेल. धीर करून विचारलं, तर म्हणाले, तेव्हा आम्हाला बाजार म्हणून सांगितलं होतं, पुढे त्याचं सरकार झालं आणि चाळीस वर्षांत पुन्हा कुणी विचारलं नाही. रागानं नाही, अगदी सरळ सांगितलं. न विचारता ठरलेल्या गोष्टींचा सल काय असतो ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

डावीकडे पोलंडची एक बाई होती, माझ्याच वयाची. पोलंड २००४ मध्ये संघात आलं आणि त्याच वर्षी ती नवऱ्याबरोबर इकडे आली. तो बांधकामावर, ही एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उस्तवार करायची. माझ्या बाळंतपणात परक्या गावात मला पहिला डबा तिनं आणून दिला. बटाटा नि दह्यातल्या पनीरसारखं काहीतरी भरलेल्या, उकडलेल्या करंज्या. आपल्या मोदकाची चुलत बहीणच म्हणा ना. मला ताप आला की लेक तिच्याकडे, तिची रात्रपाळी असली की तिचा मुलगा माझ्याकडे. बारा वर्षं तिनं तिथे कर भरला होता. नगरपालिकेच्या निवडणुकीत तिला मत होतं, पण या सार्वमतात नव्हतं. तिच्या घरादाराचा प्रश्न, आणि मत मला. मी आले त्याला तीनच वर्षं झालेली.

एवढं सगळं दिसत असताना मी काय करायला हवं होतं, हे तुम्ही चटकन सांगाल. तिथेच तर खरी गोम आहे.

त्या वर्षी ईस्टरला तिची आई आली. पोलंडमध्ये बसमध्ये बसली, नुसतं ओळखपत्र दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी लेकीच्या दारात. पिशवीत घरचं लोणचं. आणि माझी आई? तिला नातीला बघायला यायचं, तर बँकेचे सहा महिन्यांचे हिशेब, घराचे कागद, आमच्या पगाराचे दाखले, फी वेगळी, आणि वर ही बाई परत जाईल कशावरून, या प्रश्नाचं उत्तर. साठी उलटलेली, गुडघे दुखणारी आई कुठे पळून जाणार होती? आम्ही विमानतळावर उतरलो की युरोपवाल्यांची रांग सरसर पुढे सरके आणि पेंगुळलेलं मूल खांद्यावर घेऊन मी दुसऱ्या रांगेत तासभर उभी. त्या मायलेकींना स्वयंपाकघरात हसताना ऐकलं की माझ्या पोटात काहीतरी ढवळायचं. मत्सरच तो. दुसरा शब्द नाही.

त्यात आपल्या लोकांच्या बैठकींत एकच बोलणं. युरोपवाल्यांचं दार लोटलं की राष्ट्रकुलवाल्यांचं उघडेल. हे नुसतं गप्पांमधलं नव्हतं. प्रचारातही ते होतं. प्रीती पटेल तेव्हा मंत्री होत्या आणि निघायच्या बाजूनं बोलत होत्या. बाहेर पडलो की आपल्या खाणावळींना भारत-बांगलादेशातून आचारी आणता येतील, असंही सांगितलं जाई.

आकड्यांचा तर नुसता पाऊस. एका लाल बसवर लिहिलेलं, आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते दवाखान्यांना देऊ. त्यातून ब्रिटनला मिळणारी सूट वजाच केलेली नव्हती, आणि तिथल्या आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं तसं बजावूनही बस फिरतच राहिली. उलट बाजूनं अर्थखातं म्हणे, निघालो तर २०३० पर्यंत दर कुटुंबाला वर्षाला ४,३०० पौंडांची खोट. मी महिन्याचा वाणसामानाचा हिशेब वहीत लिहिणारी बाई. चौदा वर्षांनंतरची खोट पौंडापर्यंत कशी काढतात, ते मला काही उमगलं नाही, आणि मग मी दोन्ही आकडे सोडून दिले. माझ्यासारखे पुष्कळ जणांनी सोडले असणार. मतदानाच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या तरुण खासदार बाईंचा भर रस्त्यात खून झाला. राहायच्या बाजूच्या, दोन लहान मुलांची आई. त्या दिवशी आमच्या ओळीत कुणी मोठ्यानं बोललं नाही.

२३ जूनला धो धो पाऊस. लंडनच्या आसपास काही ठिकाणी पाणी तुंबलं होतं. मी लेकीला बाबागाडीत घालून चर्चच्या सभागृहात गेले. तिथे बोटाला शाई लावत नाहीत, आणि तेव्हा फोटोचं ओळखपत्रही मागत नसत. नाव सांगितलं, कागद मिळाला. दोरीला बांधलेली पेन्सिल. खूण कुणी खोडेल म्हणून काही जण घरून पेन घेऊन आले होते, आहात कुठे! कागदावर दोनच ओळी. एकीसमोर फुली मारायची. मी पेन्सिल उचलली तेव्हा डोळ्यांपुढे ना ब्रसेल्स होतं, ना तो करार. आईच्या कागदांची फाइल होती. मी 'निघावं' या ओळीसमोर फुली मारली.

यांनी संध्याकाळी ऑफिसातून येताना 'राहावं'ला मत दिलं. म्हणजे आमच्या घराची बेरीज शून्य.

सकाळी उठलो तर निकाल लागलेला. निघावं ५१.९, राहावं ४८.१. पंतप्रधान कॅमेरन यांनी राजीनामा जाहीर केला, पौंड तीस वर्षांत नव्हता इतका घसरला. आमच्या वॉटफर्डमध्ये सेहेचाळीस हजारांवर मतं पडली आणि 'निघावं' जिंकलं ते जेमतेम अडीचशे मतांनी. शेकड्यांच्या हिशेबात माझं मत कुठेच दिसलं नसतं, पण अडीचशे म्हटल्यावर एकेक माणूस दिसायला लागतो.

आठ वाजता डावीकडचं दार उघडलं. ती रात्रपाळीवरून तशीच आलेली, डोळे सुजलेले. म्हणाली, आश्रमातली एक आजी सकाळी तिचा हात धरून म्हणाली, तू नको हं जाऊस, मी बाकीच्यांसाठी मत दिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुला मत होतं ना? तू काय केलंस?"

"राहावं," मी म्हटलं.

तिनं मला मिठी मारली. मी तशीच उभी राहिले. आजोबांनी आदल्या दिवशीच तिला दारात जाऊन सांगितलं होतं की मी निघायला मत देणार, तुझ्यावर राग नाही. ती त्यांच्याशी दोन महिने बोलली नाही आणि नंतर बोलू लागली. माझ्याशी अबोला धरायचं तिला कारणच मिळालं नाही.

आम्ही २०१८ मध्ये परत आलो. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं. तिला स्वतःच्याच घरात राहण्यासाठी अर्ज करावा लागला, पासपोर्ट मोबाइलवर दाखवून. ३० जून २०२१ ही त्याची मुदत होती. युरोपातून येणारे कमी झाले, भारतातून कामाला नि शिकायला जाणारे खूप वाढले, तेव्हा बैठकीतलं बोलणं अगदीच खोटं ठरलं नाही. पण माझ्या आईसारखीचे कागद होते तेवढेच राहिले. आणि तिच्या आईला आता ओळखपत्र चालत नाही, पासपोर्ट लागतो. म्हातारीनं पासपोर्ट काढला, पण बसचा प्रवास होत नाही म्हणते.

पुढे तिनं नागरिकत्व घेतलं. ४ जुलै २०२४ ला तिथे सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा तिनं मला फोटो पाठवला, मतदान केंद्राच्या पाटीखाली, नवीन कोट घालून. खाली लिहिलं होतं, माझं पहिलं मोठं मत, तुझ्या मताची आठवण आली. मी दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं.

तिला मराठी येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.