पाकिटाची कळ

संगणकाच्या कळफलकावर वरच्या कडेला लहान कळांची जी रांग असते, तिच्याकडे साहित्याची माणसे सहसा पाहत नाहीत. तिथे अक्षरे नसतात, चित्रे असतात: पाकीट, कर्णा, त्रिकोण, घर. या चित्रांचे अर्थ कारखान्यातच कायमचे ठरून आलेले आहेत, असे आपण गृहीत धरतो.

प्रत्यक्षात कळ दाबली की कळफलकाकडून निघतो तो केवळ एक संकेतांक. लिनक्सचा गाभा आवाज वाढवण्याच्या कळीला ११५ म्हणून ओळखतो. एक्स विंडो प्रणालीत कळांचे अंक ८ पासून सुरू होतात, म्हणून तिथे त्याच कळीचे १२३ होतात. मग त्या १२३ ला नाव मिळते: एक्सएफ८६-ऑडिओ-रेझ-व्हॉल्यूम. नाव मिळाले तरी काम मिळालेले नसतेच. ते नाव ऐकून कोणी काय करायचे, हे आणखी पुढच्या पायरीवर ठरते आणि तिथे आपल्याला हात घालता येतो.

या नावातला ‘एक्सएफ८६’ हा अंशही पाहण्यासारखा आहे. इंटेलच्या ३८६ प्रक्रियकासाठी ‘एक्स-३८६’ नावाची प्रणाली होती. तिच्यातल्या ‘थ्री’चे ‘फ्री’ करून कोणी तरी ‘एक्सफ्री८६’ असा श्लेष साधला. २००४ मध्ये परवान्याच्या वादातून त्या प्रकल्पात फूट पडली आणि तो मागे पडला. पण श्लेष कळांच्या नावांत राहिला. आज एक्सच्या जागी वेलँड आले, तरी ही नावे तीच आहेत. व्युत्पत्तीच्या तासाला याहून सुबक उदाहरण मिळणे कठीण.

चिन्हक आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे म्हणणे आपण वर्गात शिकवतो. त्याचा उत्तरार्ध मात्र घाईत सुटतो: नाते यादृच्छिक असले तरी एकट्या माणसाला ते बदलता येत नाही, कारण भाषा समूहाची असते. कळफलकाच्या या रांगेत ती मुभा एकट्याला आहे.

मला तिची गरज पडली ती ओव्यांमुळे. माझ्या मावशीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या जुन्या ध्वनिफितींवर होत्या. मावशी आता नाही. फितींवरून संगणकावर उतरवलेल्या त्या ओव्या मी ऐकून टंकित करतो आहे. इन्स्क्रिप्टमध्ये दोन्ही हात गुंतलेले असतात. मावशी ‘होती’ म्हणाली, ‘व्हती’ म्हणाली की ‘हुती’, हे जात्याच्या घरघरीतून चौथ्या वेळी ऐकल्यावर कळते. दर वेळी हात उचलून माऊस धरायचा, पट्टीवर नेमकी जागा शोधायची, तर लिहिणारा दमतो आणि प्रमाण रूप लिहून मोकळा होतो. बोली पुसली जाण्याची कारणे आपण नेहमी विचारसरणीत शोधतो. मनगटाच्या थकव्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

म्हणून पाकिटाच्या कळीला मी ‘पाच सेकंद मागे’ हे काम दिले. यंत्रणेच्या मांडणीत कळफलकाच्या आडवाटांचा एक तक्ता असतो. तिथे ती कळ दाबून दाखवायची आणि तिच्यापुढे आज्ञा लिहायची. आज्ञा एका ओळीची आहे: प्लेअरसीटीएल या छोट्या साधनाला ‘पोझिशन ५-’ एवढे सांगायचे. त्रिकोणाची कळ थांबवणे आणि चालू करणे यासाठी होती तशीच ठेवली.

काम वाढले तेव्हा एक विद्यार्थिनी मदतीला आली. पहिल्याच दिवशी टपाल पाहण्यासाठी तिने पाकीट दाबले. टपाल उघडले नाही. मावशीने तीच ओळ पुन्हा म्हटली. दुसऱ्या दिवशी तिने त्या कळीवर कागदाचा एवढासा तुकडा चिकटवून त्यावर शाईने ‘मागे’ असे लिहिले.