डिप्पर

दोनचाकीच्या डाव्या मुठीपाशी, हॉर्नच्या शेजारी त्याचं बिऱ्हाड. काही गाड्यांत तो तर्जनीखाली दडलेला असतो, काहींत अंगठ्यापुढे उघड्यावर. अंग नखाएवढं, रंग काळा, आणि त्यावर छापलेलं दिव्याचं चित्र घामानं कधीच पुसून गेलेलं. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत त्याचं नाव पासिंग स्विच. पुढच्याला ओलांडण्याआधी इशारा द्यायला ठेवलेला. पुसेगावात (हे सेनगाव तालुक्यातलं, हिंगोली जिल्ह्यातलं, सेवागिरी महाराजांचं ते वेगळं, साताऱ्याकडचं) त्याला डिप्पर म्हणतात आणि ओलांडताना त्याची आठवण कुणाला होत नाही. ते काम हॉर्न करतो, गरजेपेक्षा जास्तच करतो. डिप्परकडे दुसरं खातं आहे: समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या कानात, म्हणजे डोळ्यांत, पुढची खबर घालणं.

दोनदा लुकलुकला, म्हणजे पुढं पोलीस. ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही तो चमकतो. ट्रिपल सीटवरचा तिसरा मुकाट्यानं उतरून चालू लागतो. कुणी अगदीच शंकेखोर असला, तर गाडी हळू करून विचारतो.

“पुढं हायेत का, मामा?”

“हायेत. कागदं बघायलेत. दमानं जा.”

मामा कुणाचे कोण, विचारायचं नाही. डिप्पर मारला तेवढ्यापुरतं नातं.

या डिप्परला एक परदेशी चुलतभाऊ आहे, रडार डिटेक्टर नावाचा. पोलिसांची रडार गन रेडिओलहरी सोडते. धावत्या गाडीवर आपटून परत येताना त्यांची कंप्रता बदलते, आणि त्या फरकावरून वेग निघतो. ख्रिश्चन डॉप्लरनं १८४२ साली ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल मांडलेलं तत्त्व शेवटी चलन फाडायच्या कामी आलं. डिटेक्टर या लहरी दुरूनच हुंगतो आणि ओरडतो. १९९२ साली अमेरिकेत आलेल्या ‘व्हॅलेंटाइन वन’ला तर बाणसुद्धा होते: संकट पुढून, बाजूनं की मागून, ते दाखवणारे. स्वभावानं मात्र हा भाऊ भित्रा. दुकानाचं आपोआप उघडणारं दार आणि काही मोटारींचे बाजूला बघणारे सेन्सरही काही रडार गनांसारखेच २४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, त्यामुळे मॉलसमोरून जाताना त्याला उगाच घाम फुटतो. मोटारसायकलवर त्याचे लाड वाढतात. वाऱ्यात नि हेल्मेटमध्ये त्याची पिपाणी ऐकू येत नाही, म्हणून कानात वेगळा स्पीकर किंवा डोळ्यांसमोर लुकलुकणारा दिवा हवा. पावसाला वेगळं आवरण, आणि हादऱ्यानं निसटू नये म्हणून भक्कम पकड. एवढं करून अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यात त्याला बंदीच आहे.

इकडे आणलाच, तर तो बहुतेक वेळ मुका बसेल. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत लेसरची स्पीडगन असते. ती रेडिओलहरी सोडतच नाही. अवरक्त प्रकाशाचे ठोके सोडते आणि ते परत यायला लागलेला वेळ मोजते. तीनशे मीटरवर तिचा झोत जेमतेम मीटरभर रुंद. त्याची चाहूल लागेपर्यंत वेग मोजून झालेला असतो, म्हणजे भावानं ओरडायचं ते चोर जाऊन दोन दिवस झाल्यावर. दोनचाकीसाठी साध्या रस्त्यावर ताशी ६०, दुभाजक असलेल्या चौपदरीवर ८० ही २०१८ च्या अधिसूचनेतली कमाल मर्यादा. ती ज्याला पाळायची आहे त्याला हा डबा लागत नाही आणि ज्याला मोडायची आहे त्याला तो वाचवत नाही. माझं मत विचाराल तर त्या पैशांत एक बऱ्यापैकी हेल्मेट घ्यावं, आणि उरलेल्यात मागच्याला दुसरं.

डिप्परला लेसर कळत नाही, रडारही कळत नाही. तो माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगतो. आणि आमच्याकडे पाहण्यासारखं पोलिसांखेरीज पुष्कळ असतं. दिवाळीच्या आगंमागं अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत पडलेलं असतं. कडेला दगड लावलेले, अंधारात न दिसणारे. पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं. टेललॅम्प नसलेली ट्रॉली उभी असते. सगळ्यात वाईट म्हणजे रोही, म्हणजे नीलगाय. रात्री तुरीतून एक बाहेर पडला की मागून दुसरा येतोच, आणि ६० च्या वेगात सेकंदाला सोळा-सतरा मीटर मागं पडत असतात. अशा वेळी समोरचा नुसता डिप्पर मारून थांबत नाही. डावा हात मुठीवरून काढून तळवा खाली दाबतो. त्या दाबण्यात अख्खं वाक्य असतं. कुठल्याही उपकरणात रोह्याचा बँड नाही.

दुर्गुण? आहेत. डिप्पर माणूस पारखत नाही. हेल्मेट घरी विसरलेल्या मास्तरांना तो जसा सावध करतो, तसाच चोरट्या वाळूच्या टिप्परलाही, आणि पिऊन झुलत येणाऱ्यालाही. नाकाबंदी ज्याच्यासाठी लावली, नेमका तोच त्या दोन लुकलुकींवर आडरस्त्यानं निसटतो. हे डिप्पर मारणाऱ्याला ठाऊक असतं, तरी बोट राहत नाही. आपला माणूस आधी, कायदा मागाहून.

१ एप्रिल २०१७ नंतर त्याची थोडी कुचंबणा झाली. नव्या दोनचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला, बंद करायचं बटणच गेलं. सुरुवातीला तर दर दहा माणसांतला एक जण पंजा उघड-मीट करून ‘लाईट चालू राहिलाय’ सांगे, आणि नवा गाडीवाला मान हलवून वैतागे. आता ते थांबलंय. पण दिवसा दिवा आधीच पेटलेला असल्यावर दोन लुकलुकी उठून दिसत नाहीत. डिप्परला चार-पाच वेळा ओरडावं लागतं. शिवाय ई-चलन आलं. कुणी अडवत नाही, शिट्टी नाही, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि दंडाचा मेसेज मोबाइलवर येऊन पडतो. कोपऱ्यावर कुणी उभंच नसेल, तर डिप्परनं सांगायचं काय?

सोयाबीन, पाणी, ट्रॉली, रोही. तेवढं खातं अजून त्याच्याकडे आहे. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात तर टायर आणि चेन बघून झाल्यावर तो एकदा दाबून बघा. मीटरवरचा निळा दिवा उजळला पाहिजे, आणि बोट काढताच विझला पाहिजे. चिकटून राहत असेल तर किमतीत सांगा. मालक म्हणेल, त्यानं काय होतंय. व्यवहार तिथंच थोडा थांबवावा.