ठेकेदार म्हणून सही केली, म्हणजे ठेकेदार झालो का?

पोस्ट जरा मोठी आहे. पण तलासरीतून रोज सकाळी टेम्पोत बसून उंबरगाव-वापीला जाणाऱ्या पोरांनी, आणि डहाणू-चिंचणीकडे चार माणसं हाताशी घेऊन धंदा करणाऱ्या मालकांनीही शेवटपर्यंत वाचा. दोघांच्याही कामाची आहे.

मी डहाणूत अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे लिहून देण्याचं काम करतो. गेल्या दोन-तीन वर्षांत एक मागणी वाढलीय. मालक येतो, सोबत तीन-चार पोरं. "यांचे ठेक्याचे करार बनवून द्या." मी विचारतो, काम काय? तर सकाळी नऊला यायचं, सहाला जायचं. मशीन मालकाचं, माल मालकाचा, डिझाइन मालकाचं. खाडा झाला तर पैसे कापणार. दुसरीकडे काम करायचं नाही.

मग हा ठेकेदार कसा?

"पगार कुठे देतो? नगावर पैसे देतो. एक टक्का टीडीएस पण कापणार आहे."

खरं कारण दोन आकड्यांत आहे. दहा माणसं झाली की ईएसआयसी, वीस झाली की पीएफ. म्हणून रजिस्टरला नऊ कामगार आणि बाकी सगळे 'ठेकेदार'. असा करार मी लिहून देत नाही. काही जण रागावतात, बाजूच्या दुकानातून करून घेतात. का देत नाही ते सांगतो.

तलासरी तालुक्यातला एक बावीस वर्षांचा पोरगा. एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, आणि नंतर कागद पुढे केला. तीन पानी, इंग्रजीत, खाली पोराची सही. त्यात लिहिलेलं, की हा स्वतंत्र ठेकेदार असून स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो, अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही. पोराचा बाप तो कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, माझा पोरगा ठेकेदार कधी झाला? त्याच्याकडं सायकल पण नाय."

बापाने एका वाक्यात जे विचारलं, तेच कोर्टही विचारतं. कागदावर नाव काय दिलंय याला कमी किंमत, प्रत्यक्षात काम कसं चालतं याला जास्त.

सुप्रीम कोर्टाचा १९५६ चा एक निकाल आहे, सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचा. मिठागरावरचे आगरिया. हजेरीपट नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, मिठाच्या वजनावर पैसे, मदतीला घरची माणसं घेतली तरी चालायची. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र ठेकेदार. कोर्ट म्हणालं, नाही, हे कामगार. कारण वाफा कंपनीचा, मीठ कसं पिकवायचं यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत देखरेख कंपनीची, आणि आगरिया स्वतः अंगमेहनत करतो. नगावर किंवा वजनावर पैसे दिले म्हणून माणूस ठेकेदार होत नाही, हे तेव्हाच ठरलं. आपल्याकडचेही किती लोक वसई-भाईंदरकडे मिठागरांवर गेलेत. त्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी बाजूही सांगतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याच सिन्नरच्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने उलट निकाल दिला. तो विडी वळणारा केव्हाही यायचा, केव्हाही जायचा, न सांगता दांडी मारली तरी चालायचं. कोर्टाच्या बहुमताने ठरवलं की मालकाचा त्याच्यावर ताबा नाही, म्हणून तो कारखाना कायद्याखाली कामगार नाही. म्हणजे प्रत्येक प्रकरण त्याच्या तपशिलावर जातं. पण पुढे काय झालं? १९६६ मध्ये संसदेने विडी कामगारांसाठी वेगळा कायदा केला आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायांनाही त्यात घेतलं.

आपल्या महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात तर ही पळवाट व्याख्येतच बंद केली. मालकाने किंवा ठेकेदाराने नोकरीवर ठेवलेला नसला, पण त्यांच्या परवानगीने किंवा त्यांच्याशी करार करून अंगमेहनत करत असला, तरी तो कामगारच. त्या कायद्याच्या यादीतल्या कामांना हे लागू आहे. हमालांच्या बाबतीत जे पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी कळलं, ते बाकी धंद्यांत आपण अजून विसरल्यासारखं करतो.

आणि अपघाताचं तर स्पष्टच आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून तत्त्व असं, की कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं तरी ते लिहिणं रद्दबातल. मधे ठेकेदार असला तरी, काम मूळ मालकाच्या धंद्याचंच असेल तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकाने मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. त्या पोराचा भरपाईचा अर्ज आम्ही केलाय. निकाल यायचाय.

हे सगळं आपल्या भागात जास्त टोचतं, कारण इथे कागदाचा इतिहास आहे. लग्नापुरतं कर्ज घ्यायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. हिशेबाच्या वहीत तो गडी नव्हता, 'देणेकरी' होता. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरीला वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने, ते ही वेठ मोडायलाच. वहीतला शब्द मानायचा नाही, हे आपल्या आजा-आजीने शाळेत न जाता ओळखलं होतं. आज शब्द बदललाय, 'देणेकरी'चा 'ठेकेदार' झालाय.

मालकमंडळींनी गैरसमज करून घेऊ नका. खरे ठेके असतातच, आणि त्यांचा करार मी आनंदाने लिहितो. जेसीबीवाला, बोअरवाला, वायरमन. चिकूच्या वाडीचा हंगामभराचा ठेका घेणारा व्यापारी. घरच्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हत्यारांनी डाय बनवून चार व्यापाऱ्यांना देणारा कारागीर. हे सगळे स्वतःचे मालक. त्यांच्या करारात मी एवढं तरी घालतो:

१) काम नेमकं काय, किती, कधीपर्यंत, आणि रक्कम किती.
२) हत्यारं-मशीन ठेकेदाराचं. काम कसं करायचं ते तो ठरवणार. स्वतः करो वा माणूस पाठवो.
३) इतरांची कामं घ्यायला तो मोकळा.
४) पैसे त्याच्या बिलावर. काम बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च त्याचा.
५) त्याने माणसं आणली तर त्यांची यादी, मजुरी आणि विमा कोण बघणार, ते नावानिशी.
६) करार मराठीत, सही करणाऱ्याला वाचून दाखवलेला, प्रत दोघांकडे.

यातलं दोन आणि तीन तुम्हाला लिहायला जड जात असेल, तर समजा की तो ठेकेदार नाही, कामगार आहे. त्याला नेमणूकपत्र द्या, हजेरी मांडा, पगाराची पावती द्या. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी नेमणूकपत्र देणं आता नव्या संहितेने बंधनकारकच आहे. खोट्या ठेक्याने वाचवलेले पीएफचे पैसे एका अपघातात व्याजासकट जातात. छोट्या मालकाचं तर घरच बसतं.

पोरांनो, तुमच्यासाठी. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. सही करावीच लागली तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हजेरीचे, पैसे आल्याचे मेसेज, सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप पुसू नका. उद्या कागदाला उत्तर द्यायला तेच लागतात. गुजरातमध्ये अपघात झाला म्हणून हक्क सोडू नका. भरपाईचा दावा तुम्ही जिथे राहता तिथल्या हद्दीतही करता येतो. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. बंदराला विरोध असो की पाठिंबा, ठेकेदार आणि उपठेकेदार आता येणारच. गावागावात कागद फिरतील. ग्रामसभेत एकदा हा विषय घ्या, निदान पाड्यावरच्या एका शिकलेल्या पोराला असे कागद वाचायला बसवा.

कुणाकडे असा करार असेल तर आणून दाखवा, वाचून सांगायचे मी पैसे घेत नाही. कॉमेंटमध्ये मात्र फोटो टाकू नका, त्यात आधार नंबर असतो.